उजव्या हाताला गुहा

माझी वहिनी सत्तावीस वर्षं लोकांना धबधब्याला पाठवत होती आणि स्वतः एकदाही तिथं गेली नव्हती. यावर कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसावं, फक्त माझ्यासमोर नको. मी शिवणकाम करते, माझ्या हातात दिवसभर कात्री असते.

वहिनी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. ती खोली म्हणजे दीड माणसाची जागा. आत एक उंच स्टूल, एक टेबल, एकाच बाजूला वारा फेकणारा पंखा आणि समोर काच. काचेला खाली अर्धगोल भोक, त्यातून लोक बोलायचे. बोलायचे कसले, ओरडायचे. पाठीमागच्या भिंतीवर वेळापत्रकाचा हा एवढा मोठा तक्ता होता, पण मान वळवून त्याच्याकडे बघताना वहिनीला कुणी पाहिलं नसेल. सगळ्या गाड्या तोंडपाठ. घरीसुद्धा तेच. "जेवण आठ दहाला," असं सांगायची आणि आठ दहाला ताटं मांडलेली असायची. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, आंघोळीत जरा रेंगाळला की ही दारावर थाप मारून विचारणार, "काय हो, गाडी उशिरानं सुटणार आहे का?"

लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि अंगात नको तेवढी मस्ती होती. तिनं पहिल्याच दिवशी मला 'वन्सं' म्हणून हाक मारली आणि अहोजाहो केलं. मी आपली तिला अगंतुगं करत राहिले, ती आजपर्यंत. उलटं असायला हवं हे मलाही कळतं. पण एकदा पडलेली सवय कुठं जाते? आमची भांडणंही तशीच होतात. मी 'अगं' करून आकाशपाताळ एक करणार आणि ती 'अहो वन्सं' एवढंच म्हणून मला गप्प करणार.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून वर धबधब्याला दिवसातून चार गाड्या जातात, त्यामुळे खिडकीत येणारा दर दुसरा माणूस एकच प्रश्न विचारणार. धबधब्याला कुठली गाडी? नियमाप्रमाणं गाडीची वेळ सांगायची, फलाट सांगायचा आणि पुढच्याला बोलवायचं. वहिनी अख्खी सहल सांगायची. मी तिला डबा द्यायला जायची तेव्हा रांगेतून ऐकून ऐकून मला ते पाठ झालं होतं.

"नऊ दहाची गाडी, फलाट चार. डाव्या बाजूला बसा म्हणजे दरी दिसेल. शेवटच्या थांब्यावर उतरा. पुढं लोखंडी पूल आहे, तो हलतो, पण घाबरू नका, पडत नाही. पूल ओलांडला की शंभर-सव्वाशे पायऱ्या, मग सपाट जागा. तिथून उजव्या हाताला गुहा आहे, ती चुकवू नका. सरळ वर गेलात की धबधब्याचा डोह. आधी आवाज येईल, मग गार वारा लागेल, मग दिसेल. परतीची शेवटची गाडी पाचला."

असं सांगायची की समोरच्याला वाटावं, बाई कालच जाऊन आल्यात. मागचे लोक कुरकुर करायचे, पण त्यांचा नंबर आला की तेही कान देऊन ऐकायचे.

आता हे सगळं तिला ठाऊक कसं, तर परत येणाऱ्यांकडून. संध्याकाळी धबधब्याची गाडी फलाटाला लागली की ही भोकापाशी तोंड नेऊन हाक मारायची, "काय हो, सापडलं का सगळं?" ओल्या कपड्यांतले, दमलेले, खूश झालेले लोक खिडकीपाशी यायचे आणि दोन मिनिटं बोलून जायचे. कुणी पुलाचं सांगायचं, कुणी दरीचं, कुणी गुहेचं. वहिनी ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या लोकांना ते पोहोचवायची. तिनं एवढीच चौकशी केली नाही की मी कधी जाणार. कारण सुट्टीच्या दिवशी सगळं जग धबधब्याला जातं, म्हणजे नेमकी त्याच दिवशी ती खिडकीत हवी. तिच्या सुट्टीच्या दिवशी कधी माझ्या आईचं आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा. आणि दादाला घाटात गाडी लागते. तो नुसता घाटाचा फोटो बघून लिंबू मागतो.

तर गेल्या महिन्यात तिच्या निवृत्तीला दहा दिवस राहिलेले असताना एक माणूस संध्याकाळच्या गाडीतून उतरला तो थेट खिडकीवर आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. सगळ्यांसमोर ओरडला, "उजवीकडे गुहा म्हणून सांगितलंत ना? अर्धा तास झाडीतून चढलो आणि कंटाळून परत फिरलो. गुहा दुसऱ्याच बाजूला आहे! तिथं आता बोर्डसुद्धा लावलाय. तुम्ही स्वतः कधी गेलायत का तिकडं?"

वहिनीनं खोटं बोलायला हवं होतं. मी असते तर बोलले असते, वर त्याचीच हजेरी घेतली असती. ती म्हणाली, "नाही."

"वा! मग कशाच्या जोरावर सांगता?" असं म्हणून तो निघून गेला. रांगेतले लोक हसले. एवढंच झालं. पण त्या दिवशी दादाकडे जेवण साडेआठला झालं.

पुढचे चार दिवस ती खिडकीत बसून फक्त वेळ आणि फलाट सांगत होती. कुणी पुढं विचारलंच तर म्हणायची, "वर बोर्ड आहे, बघून घ्या." मला हे तिच्या शेजारच्या तिकीटवाल्यानं दुकानात येऊन सांगितलं. मी मशीन तिथंच सोडलं आणि तणतणत दादाच्या घरी गेले.

वहिनी भांडी पुसत होती. म्हणाली, "बरं झालं आलात. शुक्रवारच्या निरोप समारंभाला मी जाणार नाहीये. साहेबांना उद्या सांगून टाकते."

"का? पायाला मेंदी लावलीस का?"

"वन्सं, ते लोक काय बोलणार माझ्याबद्दल? हेच ना, की बाईंनी सत्तावीस वर्षं लोकांना बरोबर वाट दाखवली. आणि तेच खोटं असेल तर? मी समोर बसून ते ऐकून घेऊ?"

"अगं, एक माणूस चिडला म्हणून..."

"एकच बोलला. गप्प बसलेले किती असतील?" तिनं ताटली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. "शेकडो लोकांनी मला सांगितलंय, गुहा उजव्या हाताला. शेकडो. ते सगळे चुकतील कसे? पण तो माणूस तर चिखलात माखून आला होता."

दादा म्हणाला, "विसरून जा ना." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून कपडे वाळत घालायला गेला, जे सकाळीच वाळले होते.

मी म्हटलं, "वहिनी, एक रजा शिल्लक आहे ना तुझी? गुरुवारी टाक. आपण जाऊ. डोळ्यांनी बघू. बरोबर निघालं तर शुक्रवारी समारंभाला यायचं, ताठ मानेनं. चुकीचं निघालं तर..."

"चुकीचं निघालं तर मी घरी बसेन. आणि तुम्ही मला समजवायला यायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. मनातून मात्र घाबरले.

पण खरं सांगू? बुधवारपासून माझा पायच जमिनीवर ठरेना. मीही धबधबा बघितलेला नव्हता! माझ्या दुकानासमोरून लोक ओले होऊन परत यायचे आणि मी त्यांच्या पँटींच्या उसवलेल्या शिवणी घालून द्यायची, एवढाच माझा धबधब्याशी संबंध. गुरुवारी शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा तसाच टाकला, दुकानाला कुलूप घातलं, 'आज बंद' असा कागद चिकटवला आणि खाली दोन रेघा ओढल्या, म्हणजे कुणी दार वाजवू नये. दादानं आमच्यासाठी अंडी उकडली. सहातली दोन फुटली, ती त्यानं स्वतःच खाल्ली आणि आम्हाला टाटा करायला फलाटापर्यंत आला. गाडी नुसती सुरू झाली तर तोंड फिरवून उभा राहिला.

नऊ दहाची गाडी, फलाट चार. आम्ही डाव्या बाजूला बसलो. मी खिडकीशी. गाव मागं पडलं, घाट सुरू झाला, मी काच पूर्ण सरकवली आणि दरी बघायला डोकं बाहेर काढलं. तर माझ्या नाकासमोर दगड! दगड, दगडावर शेवाळ, परत दगड. उजव्या बाजूचे लोक मात्र "अरे बापरे, बघ खाली!" करून उड्या मारत होते. मला राहवेना. मी उठून पलीकडे गेले आणि एका अनोळखी बाईच्या अंगावर जवळजवळ आडवी होऊन बघितलं. खाली दरी अख्खी उघडी पडलेली. तळाशी नदी, दोऱ्याएवढी.

वहिनी जागेवरून हलली नाही. कंडक्टरला म्हणाली, "रस्ता बदलला का हो अलीकडे?"

तो आमच्याच स्थानकाचा, तिला ओळखणारा. हसून म्हणाला, "बाई, रस्ता बदलायचा तर डोंगर हलवावा लागेल."

वहिनीनं पदराचं... छे, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ते शेवटच्या थांब्यापर्यंत गुंडाळत होती.

पण उतरल्यावर चित्र पालटलं. लोखंडी पूल आला आणि तो हलला! असा हलला की मी दोन्ही हातांनी साखळी धरून "आई गं" म्हणून ओरडले. खाली पाणी फेसाळत धावत होतं, पायाखालच्या पट्ट्यांमधून वर शिंतोडे येत होते. वहिनी मात्र पुलाच्या मधोमध उभी राहून मुद्दाम पाय आपटून बघत होती.

"हलतो, पण पडत नाही!" ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "बरोबर आहे, वन्सं!"

"बरोबर आहे, पण तू पाय आपटू नकोस!"

मग पायऱ्या. तिनं मोजल्या. एकशे अठरा. "शंभर-सव्वाशे म्हणते मी. बरोबर." तिचा गुडघा दुखत होता, दर वीस पायऱ्यांनी थांबायची, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. सपाट जागा आली. मधे एक मोठा खडक, सरळ वर जाणाऱ्या पायऱ्या, उजवीकडे झाडी आणि त्यात शिरलेली एक वाट, डावीकडे खडकाला वळसा घालणारी दुसरी वाट. दोन्हीकडे काय आहे ते इथून काही दिसत नव्हतं. बोर्डही कुठं दिसेना.

"गुहा?" मी विचारलं.

"ती... परत येताना बघू," वहिनी म्हणाली आणि भराभर सरळ वर चढू लागली. दुखऱ्या गुडघ्यानं. मी ओळखलं. परीक्षेचा निकाल बघायला पोरं जशी मित्राला पुढं पाठवतात, त्यातला प्रकार.

आणि मग आवाज आला. आधी वाटलं वर कुठंतरी मोठी गाडी चालू आहे. दहा पायऱ्या चढलो आणि गार वारा एकदम तोंडावर आला, ओला. माझ्या हातांवर काटा आला. वळण घेतलं आणि दिसला. अहो, काय सांगू! एवढं पाणी मी आयुष्यात एका जागी बघितलं नव्हतं. वरून कोसळत होतं, मधल्या कातळावर आपटून फुटत होतं आणि खाली काळ्या डोहात पडत होतं. पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते तरी त्याचा जोर काही कमी नव्हता. मी तिथंच नाचायला लागले. खरंच नाचले, पन्नाशी उलटलेली बाई. दोन मुली माझ्याकडे बघून हसल्या, मी त्यांनाही ओढलं. चपला काढून पाण्यात उतरले, पाय बधिर झाले, तरी बाहेर येईना.

"वहिनी, ये ना!"

वहिनी घड्याळ बघत होती. "दहा पंचावन्न. मी लोकांना पावणेअकरा सांगते. दहा मिनिटांचा फरक पडतो."

"अगं वर बघ! वर!"

"बघितलं हो. आवाज, मग वारा, मग दिसतो. बरोबर आहे." ती डोहाच्या कडेच्या दगडांवर कुठला निसरडा आहे ते पायानं चाचपून बघत होती. मला राग आला. एवढा मोठा धबधबा समोर ओरडतोय आणि ही तपासणी करतेय! पण तिच्या हाताकडे बघितलं, ओढणीचं टोक अजून बोटाला गुंडाळलेलं होतं. मग मी अंड्यांचा डबा उघडला.

अंडी खाल्ली, ब्रेड खाल्ला. एक वाजला. वहिनी म्हणाली, "चला."

उतरायला लागलो. ती पुढं, मी मागं. सपाट जागा आली आणि वहिनीनं किंकाळी फोडली. मला वाटलं पडली.

"वन्सं! बघा! बघा!"

मोठ्या खडकावर बोर्ड होता. लावणाऱ्या शहाण्यानं तो असा लावला होता की वर जाणाऱ्याला दिसू नये, फक्त उतरणाऱ्याला दिसावा. त्यावर ठळक अक्षरांत 'गुहा' आणि शेजारी बाण. बाण उजवीकडे.

"उजवीकडे! उजव्या हाताला!" वहिनी माझ्या गळ्यात पडली. तिला रडू फुटलं आणि हसूही. "तो मेला चिखलातला! सगळ्यांसमोर बोलला मला! बरोबर सांगत होते की नाही मी? सांगा ना, बरोबर सांगत होते की नाही?"

तीस वर्षं मी कापड उलटंसुलटं करतेय. कापड पालटलं की डावी बाही उजवीकडे जाते, हे मला झोपेतही कळतं. आम्ही उतरत होतो. चढताना हीच बाजू डावी होती.

सगळं एकदम ध्यानात आलं. घाटातली दरी, तिचीही तीच गत. लोक तिला गाडीतून उतरल्या उतरल्या सांगायचे, परत येतानाचं ताजं ताजं. आणि ही ते जसंच्या तसं जाणाऱ्यांना सांगायची. शेकडो लोक बरोबरच बोलले होते. फक्त त्यांची तोंडं दुसऱ्या दिशेला होती.

गप्प बसावं असं मला वाटलं. देवाशप्पथ वाटलं. उद्याचा एक दिवस पार पडला की झालं, पुढं कोण विचारतंय? पण वहिनीनं माझ्या खांद्यावरून मान वर काढली.

"काय झालं, वन्सं?"

"काही नाही."

"तुम्ही 'काही नाही' कधी म्हणता?" ती माझ्यापासून लांब झाली. बोर्डाकडे बघितलं. मग सावकाश मागं वळली, आम्ही आलो त्या वरच्या पायऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली. आधी उजवा हात बाहेर काढला, मग डावा. डावा हात गुहेकडे होता.

ती तशीच हात पसरून उभी.

आम्ही गुहा बघितली. बघायलाच हवी असं ती म्हणाली. खडकाला वळसा घातला की लगेच लागते. आत वाकून जायचं, आणि पलीकडच्या तोंडावर पाण्याचा पडदा, मागच्या बाजूनं दिसणारा. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिथं गाणी म्हटली असती. वहिनी बाहेर येऊन पायरीवर बसली. म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी माणसांना झुडपात पाठवलं. म्हातारी माणसं असतील त्यात. लेकुरवाळ्या बाया. कुणी बोललं नाही मला, बिचाऱ्यांनी सोसलं." मग म्हणाली, "उद्या मी जाणार नाही. आता तुम्ही कबूल केलंय."

मला असा संताप आला! तिचा नाही, त्या बोर्डाचा, त्या माणसाचा, सगळ्यांचा. मी तिचा दंड धरला आणि उठवलं.

"चल."

"कुठं?"

"झुडपात. तू माणसं कुठं पाठवलीस ते बघायचंय मला. एवढी रडतेस तर निदान ती जागा तरी बघून रड!"

"अहो वन्सं, गुडघा..."

"गुडघ्याचा भार माझ्या खांद्यावर टाक."

सपाट जागा ओलांडली आणि पलीकडच्या झाडीत शिरलो. पहिल्या वीस पावलांतच मला नवल वाटलं. वाट चांगली रुंद होती. माती पायांनी दाबून दाबून घट्ट झालेली. चढ उभा होता, एका ठिकाणी चिखलही होता, तिथंच तो पँटवाला परत फिरला असणार. आम्ही एकमेकींना ओढत पुढं गेलो. कठीण जागी कुणीतरी दगड रचून पायरी केली होती. एका झाडाचं खोड हात धरून धरून गुळगुळीत झालं होतं. वहिनी त्या खोडावर हात ठेवून थांबली.

"इथं कुणी येतं वाटतं," ती म्हणाली.

वर माणसांचे आवाज येत होते. शेवटची चढण चढलो आणि झाडी संपली. एक लांबरुंद सपाट कातळ, आणि त्याच्या समोर, मधे नुसती दरी, अख्खा धबधबा. डोहापाशी उभं राहून खालून बघितला होता तो नव्हे. इथून तो समोरासमोर होता, डोंगराच्या माथ्यावरून सुटल्यापासून तळाला पोहोचेपर्यंत, एका नजरेत. उन्हात, मधल्या उडत्या पाण्यावर इंद्रधनुष्य पडलं होतं, पूर्ण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

कातळावर आठ-दहा माणसं बसली होती. एक चाळिशीचा गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला थर्मासमधून चहा देत होता. मी धापा टाकत त्यालाच विचारलं, "काय हो, ही वाट तुम्हाला कुणी दाखवली?"

"वाट? तेव्हा वाट कुठं होती?" तो हसला. "पंधरा-सोळा वर्षं झाली. खाली बस स्थानकावर खिडकीत एक बाई बसतात. त्यांनी सांगितलं, उजव्या हाताला गुहा आहे, चुकवू नका. शोधतोय, शोधतोय, गुहेचा पत्ता नाही! गुरांच्या पावलांच्या खुणांवरून चढत गेलो तर हे सापडलं. तेव्हापासून दरवर्षी येतो. आधी गुडघाभर गवत होतं. मग त्यांनी पाठवलेली आणखी माणसं येत गेली, वाट रुळली. ते दगड आम्हीच रचले, आईला चढता यावं म्हणून."

"आम्हालाही त्यांनीच पाठवलं," पलीकडून एक बाई म्हणाली. तिच्याबरोबरच्या दोघांनी माना हलवल्या.

वहिनी माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"मग परत गेल्यावर त्यांना सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ भांडायलाच उभी राहिले. "गुहा तिथं नाही म्हणून? एका शब्दानं सांगायचं होतं!"

"त्या विचारतात की दर वेळी, सापडलं का सगळं म्हणून. आम्ही म्हणतो, सापडलं." तो गृहस्थ जरा ओशाळला. "सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी सुधारलं असतं. फार काटेकोर बाई आहेत हो. मग इथं कोण आलं असतं?"

तेवढ्यात वहिनी पुढं झाली. धबधब्याकडे पाठ करून, त्या सगळ्यांसमोर उभी राहिली. आणि तिचा खिडकीतला आवाज आला, स्पष्ट, एकेक शब्द सुटा.

"सपाट जागेवरून गुहा डाव्या हाताला आहे. चढताना डाव्या. मी सत्तावीस वर्षं उलटं सांगत आले. तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला. मला माफ करा."

कुणाला काही समजेना. काचेआडून अर्धा चेहराच दिसायचा, तो लोकांच्या लक्षात कसा राहणार? पण त्या म्हाताऱ्या बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "या तर खिडकीतल्या बाई!"

मग जो काही गलका झाला! सगळे उठून उभे राहिले. कुणी जागा करून दिली, कुणी पाणी पुढं केलं, कुणी विचारलं पाय दुखले का. एक जण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "अरे बाई आल्यात, बाई!" जणू सगळे इतकी वर्षं तिचीच वाट बघत बसले होते. आणि वहिनी आपली हात जोडून, "नाही हो, चूक झाली, माफ करा, चूक झाली," एवढंच म्हणत होती.

म्हाताऱ्या बाई मुलाच्या हाताला धरून उठल्या. वहिनीच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि तिला गर्रकन फिरवलं, धबधब्याकडे तोंड करून.

"माफी मागायची ती खाली जाऊन मागा," त्या म्हणाल्या. "आधी ते बघा."

वहिनीनं बघितलं. घड्याळ नाही, पायऱ्या नाहीत, वेळ नाही. नुसतं बघितलं. तोंड उघडं पडलं होतं, गालांवरून पाणी चाललं होतं, ओढणी बोटावरून सुटून वाऱ्यानं उडत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. सव्वादोन झाले, अडीच झाले. खालून सव्वातीनची गाडी निघायची होती आणि तिला उतरायला पाऊण तास लागणार होता, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. ती हलली नाही. मीही आठवण केली नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे न हलवता माझा हात चाचपून धरला. धबधब्याच्या आवाजात ऐकू यावं म्हणून जोरात बोलली, तर कातळावरच्या सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"वन्सं, उद्या समारंभाला काय घालू हो मी?"